‘बाहेरचं काही घेत नाही ना?’ : कर्करोगतज्ज्ञांना एक खुलं पत्र

प्रति,
महाराष्ट्रातल्या कर्करोगतज्ज्ञ आणि मूत्ररोगतज्ज्ञ डॉक्टरांना,

स.न.वि.वि.

तुमच्यापैकी तिघांनी मला तपासलंय. आधी लघवीचे डॉक्टर, मग रेडिएशनवाले, आता ऑन्कोलॉजिस्ट. तिघांनीही काढे, चूर्णं, पुरवणीच्या (सप्लिमेंट) गोळ्या यांबद्दलचा एक प्रश्न हमखास विचारला : ‘बाहेरचं काही घेत नाही ना?’ आणि तिघांनाही मी एकच उत्तर दिलं : ‘छे छे, काही नाही.’

तिन्ही वेळा मी खोटं बोललो. चूक माझी आहे, ती मी पुढं कबूल करणारच आहे. पण आधी तुमच्या त्या प्रश्नाबद्दल बोलू द्या.

त्यातला शेवटचा ‘ना’ फार वाईट आहे. ‘जेवलात ना?’ म्हटलं की माणूस उपाशी असला तरी ‘हो’ म्हणतो. ‘राग नाही ना आला?’ म्हटलं की आलेला राग गिळतो. तुम्हाला हवं असलेलं उत्तर तुमच्या प्रश्नातच ठेवलेलं असतं, पेशंटनं ते फक्त उचलून हातात द्यायचं. दाराबाहेर ऐंशी माणसं, पुढचा नंबर आत डोकावतोय, तुमचं पेन आधीच कागदावर टेकलेलं. अशा वेळी ‘घेतो की, सात प्रकार घेतो’ म्हणायला छाती लागते. ती माझ्याकडं नव्हती.

मी एसटीच्या आगारात बत्तीस वर्षं मेकॅनिक होतो, शेवटची नऊ वर्षं हेड मेकॅनिक. गाव सांगोला तालुक्यात, वय ६९. तीन वर्षांपूर्वी कंबर धरली म्हणून दाखवायला गेलो आणि पीएसए, म्हणजे प्रोस्टेट कॅन्सरसाठी रक्तात बघतात तो आकडा, २१२ निघाला. ग्लिसन, म्हणजे कॅन्सर किती जहाल ते सांगणारा गुण, चार अधिक चार. स्कॅनमध्ये कमरेचं हाड आणि दोन बरगड्यांपर्यंत पसरलेला. तेव्हापासून दर तीन महिन्यांनी पुरुषसंप्रेरक दाबणारं ल्यूप्रोलाइडचं इंजेक्शन, त्याच कामाच्या अबिराटेरॉनच्या रोज चार गोळ्या, सोबत प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड. पीएसए सध्या एकच्या खाली आहे. हे श्रेय तुमचं, ते मी घरातल्या एकाही डब्याला देत नाही. हे आधीच सांगतो, म्हणजे पुढचं नीट वाचाल.

आजार कळला त्या आठवड्यात घरात एकही डबा नव्हता. वर्षभरात देव्हाऱ्याशेजारचं कपाट भरलं. मी स्वतः विकत आणलेला त्यात फक्त एक. बाकीचे सगळे मायेनं आलेले.

आमचा भाग डाळिंबाचा. धाकट्या भावाची भगव्याची चारशे झाडं आहेत, हंगामात ओसरीवर क्रेटची चळत लागते. सोलापूरच्या डाळिंबाला भौगोलिक मानांकन आहे, देशाचं डाळिंब संशोधन केंद्रसुद्धा सोलापुरातच आहे. आणि माझा पुतण्या मला न्यू जर्सीहून डाळिंबाच्या कॅप्सूल पाठवतो! भावानं तो डबा उलटासुलटा करून बघितला आणि म्हणाला, ‘दादा, आपला माल किलोनं जातो, ह्यांचा नगानं.’

पुतण्या अडाणी नाही. त्यानं फोनवर मला सगळं वाचून दाखवलं. इंग्लंडमध्ये प्रोस्टेट कॅन्सरच्या १९९ पेशंटांवर सहा महिने प्रयोग झाला. एका गटाला डाळिंब, ग्रीन टी, ब्रोकोली आणि हळद यांची कॅप्सूल, दुसऱ्याला नुसती दिसायला तशीच. नुसतीवाल्यांचा पीएसए मधल्या आकड्यानं ७८ टक्के वाढला, कॅप्सूलवाल्यांचा १५ टक्क्यांच्या आतबाहेर. हे ऐकून कुणाचाही हात डब्याकडं जाईल. पण ती माणसं माझ्यासारखी नव्हती. त्यांच्यावर नुसतं लक्ष ठेवलेलं होतं, इंजेक्शन-गोळ्यांवर असलेले पेशंट नव्हते ते. शिवाय मोजला होता तो पीएसए. कोण किती जगलं, ते नाही. एवढा फरक समजायला मला दीड वर्ष लागलं, आणि तो समजावून सांगितला तो तुमच्यापैकी कुणी नाही, माझ्या मुलीनं. ती शाळेत विज्ञान शिकवते.

तुम्हाला वाटतं, आम्ही भोळे आहोत, व्हॉट्सॲपवर आलं की गिळतो. थोडं खरं आहे. पण सगळं नाही. या इंजेक्शनांमुळं रात्री दोन वाजता माझ्या अंगातून गरम वाफा निघतात, गंजीफ्रॉक पिळून काढावा इतका घाम येतो. बायको उठते आणि पंखा पाचवर करते. पाळी जाताना तिला हेच व्हायचं तेव्हा मी कूस बदलून झोपलो होतो. तुमच्या कागदावर तिनं माझ्यासाठी करावं असं काहीच लिहिलेलं नसतं. इंजेक्शन सिस्टर देतात, गोळ्या मी घेतो, रिपोर्ट तुम्ही वाचता. तिच्या वाट्याला काढा येतो. तो काढा मी नको म्हटला तर तिनं काय करायचं?

आता मी काय केलं ते सांगतो.

अबिराटेरॉन सुरू करताना तुम्ही सांगितलंत, ‘उपाशी पोटी.’ आम्ही तंतोतंत पाळलं. पहाटे पाचला चार गोळ्या आणि त्यावर पेलाभर हळदीचं दूध. त्यात चमचाभर तूप, चिमूट मिरी. आमच्याकडं दूध म्हणजे कुठं खाणं? एकादशीलाही चालतं! ‘उपाशी’ म्हटल्यावर बायकोला उपास कळला, आणि मलाही. नाश्ता मात्र आम्ही घड्याळ लावून सहानंतरच करायचो. तूपदुधाबरोबर ही गोळी कित्येक पटींनी जास्त रक्तात उतरते, भरपूर स्निग्ध जेवणाबरोबर तर दहा पटींपर्यंत, हे आम्हाला कुठून माहीत असणार? दोष हळदीचा नव्हताच. वेळेचा आणि तुपाचा होता.

त्यात माझा घसा कोरडा पडायचा, म्हणून दिवसातून दोनदा ज्येष्ठमधाचा काढा. चांगला मुठीएवढा तुकडा ठेचून. ज्येष्ठमध रोज आणि जास्त घेतलं तर अंगात पाणी साठतं, बीपी चढतं आणि पोटॅशियम उतरतं. अबिराटेरॉनसुद्धा नेमकी हीच तीन कामं करते, म्हणून तर तुम्ही सोबत प्रेडनिसोलोन देता. म्हणजे एक बैल तुम्ही जुंपलेला, दुसरा आम्ही, आणि दोन्ही उताराच्या दिशेनं.

दोन महिन्यांनी पायात गोळे यायला लागले. जिना चढताना मांड्या जागेवर राहायच्या नाहीत. बीपी १७८, पोटॅशियम २.८. दवाखान्यात दाखल केलं, सलाईनमधून पोटॅशियम दिलं. गोळ्या बंद. ‘यांना अबिराटेरॉन सोसत नाही, केमोचा विचार करू’ असं ठरत आलं होतं. राउंडला पुन्हा तोच प्रश्न आला, ‘बाहेरचं काही घेत नाही ना?’ आणि मी पुन्हा, बायकोच्या तोंडावर, ‘नाही’ म्हणालो. ती बिचारी काही बोलली नाही. डॉक्टरांपुढं नवऱ्याला खोटं कसं पाडायचं?

डिस्चार्जच्या दिवशी औषधांच्या काउंटरवर एक फार्मासिस्ट मुलगी होती, पंचविशीची असेल. तिनं बिल बाजूला ठेवलं आणि माझ्याकडं न बघता बायकोला विचारलं, ‘मावशी, काकांना पहाटे उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत काय काय देता, जरा क्रमानं सांगा बरं.’

बायको बोटं मोडत सांगायला लागली. ती मुलगी लिहीत गेली. मध्येच ‘अगंबाई’ नाही, ‘असं कसं’ नाही, भुवई वर नाही. हळदीचं दूध, ज्येष्ठमध, डाळिंबाची कॅप्सूल, गुळवेलीच्या गोळ्या, अश्वगंधा चूर्ण, सुनेनं आणलेल्या केसांच्या गोळ्या, व्हिटॅमिन ई. सात. मला स्वतःला सात आहेत हे तेव्हाच कळलं. ती तो कागद घेऊन वर डॉक्टरांकडं गेली. केमोचा विचार लांबला. दूध आणि ज्येष्ठमध बंद झाल्यावर गोळ्या पुन्हा सुरू केल्या, त्याच चार. पोटॅशियम दर पंधरा दिवसांनी तपासलं, ते जागेवर राहिलं. नेमकं कशानं घडलं होतं ते कुणी छातीठोक सांगितलं नाही, आणि मीही सांगत नाही. पण मला चालत असलेलं औषध बंद होणार होतं, ते वाचलं.

आगारात हे आम्ही रोज बघायचो. ड्रायव्हर गाडी लावायचा आणि लॉगशीटवर लिहायचा, ‘गाडी ओढत नाही.’ रस्त्यात बंद पडली म्हणून त्यानं ढाब्यावरच्या कुठल्यातरी फिटरकडून डिझेल पंपाचं सेटिंग फिरवून घेतलेलं असायचं. पण ते लिहिलं तर मेमो मिळणार. मग तो गप्प, आणि आम्ही दोन दिवस भलतंच खोलून बसायचो. आमचे जुने फोरमन शिव्या द्यायचे नाहीत. गाडीच्या टायरवर पाय ठेवून विचारायचे, ‘रस्त्यात कुणी कुणी हात लावला?’ ‘कुणी हात लावला नाही ना’ असं कधीच नाही. लावलेलाच आहे हे धरून चालायचे. ड्रायव्हर लगेच सांगायचा.

त्या सातांतल्या बाकीच्यांचं काय झालं, ते थोडक्यात. अश्वगंधा भाचीनं आणली होती, अशक्तपणावर. दर तीन महिन्यांनी तुम्ही पोटात इंजेक्शन टोचता ते अंगातलं टेस्टोस्टेरॉन तळाला न्यायला, आणि अश्वगंधेनं ते थोडं वाढतं असं लहान लहान प्रयोगांत दिसलंय. म्हणून प्रोस्टेटच्या पेशंटनं ती टाळावी असं सांगतात. माझ्या अंगात दोन्ही एकाच वेळी चालू होती. गुळवेलीवरून २०२२ मध्ये यकृताचे डॉक्टर आणि आयुष मंत्रालय यांच्यात जुंपली होती. कुणाचं किती बरोबर ते माझ्यासारख्यानं ठरवायचं नाही, पण माझ्या गोळीनं यकृतावर आधीच डोळा ठेवावा लागतो, मग तिथं आणखी एक शंका कशाला? अमेरिका-कॅनडातल्या पस्तीस हजारांवर धडधाकट पुरुषांच्या एका प्रयोगात काही गटांना व्हिटॅमिन ई देऊन बघितलं होतं, प्रोस्टेटचा कॅन्सर टळतो का म्हणून. टळला नाहीच, उलट नुसतं व्हिटॅमिन ई घेणाऱ्यांत १७ टक्क्यांनी जास्त आढळला.

केसांच्या गोळ्यांची गोष्ट मला सगळ्यांत जास्त लागली. त्यात बायोटिन असतं. बायोटिनचा डोस मोठा असेल तर काही मशिनांवर रक्ताचे रिपोर्ट चुकतात, आणि पीएसए आहे त्यापेक्षा कमी दिसू शकतो. म्हणजे आजार तिथंच आणि कागद म्हणतो उतरला! तीन वर्षं मी ज्या आकड्यावर जगतोय, ज्याच्या आदल्या रात्री मला झोप लागत नाही, तो आकडा केसांच्या गोळीनं हलू शकतो. आणि केस तरी किती उरलेत.

मुलीनं मला आणखी एक हकिकत सांगितली. अमेरिकेत ‘पीसी-स्पेस’ नावाच्या कॅप्सूल मिळायच्या, आठ वनस्पतींच्या. ‘स्पेस’ म्हणजे लॅटिनमध्ये आशा. त्या घेतल्यावर पीएसए खरोखर उतरायचा, डॉक्टरांनी स्वतः मोजलेला. २००२ मध्ये त्या बाजारातून काढून घ्याव्या लागल्या, कारण तपासणीत आत सापडलं ते डायएथिलस्टिलबेस्ट्रॉल, वॉरफरिन आणि इंडोमेथॅसिन. पहिलं तर स्त्रीसंप्रेरकासारखं काम करणारं प्रोस्टेट कॅन्सरचंच जुनं औषध. संप्रेरकांनी हा आजार दबतो हे चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ मध्ये दाखवलं होतं, त्याबद्दल १९६६ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. दुसरं रक्त पातळ करणारं, तिसरं वेदनाशामक. लोकांना वाटत होतं, वनस्पती काम करतेय. काम करत होतं ते चोरून घातलेलं औषध, आणि कुणाला किती डोस जातोय याचा हिशेब कुणाकडंच नव्हता. म्हणून म्हणतो, ‘आमचा पीएसए उतरला’ असं कुणी सांगितलं की त्याला हसून घालवू नका. उतरला असेल. कशानं उतरला ते विचारा.

आता तुम्हाला एक उलटी गोष्ट सांगतो. माझ्या कागदावर तुम्ही सगळ्यांत खाली एक ओळ लिहिलेली असते : कॅल्शियम आणि व्हिटॅमिन डी. पुरवणीच ना ती? या इंजेक्शनांनी हाडं ठिसूळ होतात, त्यासाठी. इतक्या डब्यांत मला खरोखर लागणारा डबा तोच. आणि तोच मी आठ महिने नीट घेतला नाही, कारण सर्वांत खाली लिहिलेली गोळी म्हणजे ‘ताकदीची’, संपली तर पुढच्या महिन्यात आणू असं धरून चाललो होतो. तिकडं साडेतीन हजारांचा डबा एक दिवस चुकू दिला नाही. माझ्या शेजारच्या खाटेवरच्या माणसानं तर उलटंच केलं. व्हिटॅमिन डीची ६०,००० युनिटची पुडी आठवड्याला एक घ्यायची, ती त्यानं रोज घेतली. चांगलीच आहे म्हणून! रक्तातलं कॅल्शियम चढून भ्रम झाला तेव्हा घरच्यांना वाटलं, आजार डोक्यात गेला.

ज्या डब्यांवर आमचा भरवसा, त्यांतल्या काहींवर बारीक इंग्रजीत छापलेलं असतं की हे औषधी वापरासाठी नाही. मी ते भिंगानं वाचलं. एफएसएसएआयनं, म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं, ते छापायला लावलंय हे चांगलंच, पण ते मराठीत आणि डोळ्यांना दिसेल असं कधी येणार, हा प्रश्न तुमचा नाही, म्हणून सोडतो.

नोव्हेंबर २०२४ मध्ये एका माजी क्रिकेटपटूनं आपल्या बायकोनं हळद-कडुनिंबाच्या आहारानं कॅन्सर हरवल्याचं सांगितलं, तेव्हा टाटा मेमोरियलच्या आजी-माजी २६२ डॉक्टरांनी सह्या करून पत्रक काढलं की असल्या गोष्टींच्या मागं लागून उपचार लांबवू नका. बरोबर केलं. पण त्याच वर्षी फेब्रुवारीत त्याच संस्थेतल्या संशोधकांच्या शंभर रुपयांच्या गोळीची बातमी आली होती, द्राक्षातला एक घटक आणि तांबं घातलेल्या. तीही पुरवणीच, आणि पुरावा अपुरा आहे असं दुसरे शास्त्रज्ञ तेव्हाच म्हणत होते. त्या दिवशी मला सहा जणांचे फोन आले, ‘मिळते का बघ’ म्हणून. मी कुणाला नावं ठेवत नाही. संशोधन करायलाच हवं. पण आमच्या बाजूनं बघा : एकच दार कधी ‘येतेय’ म्हणतं, कधी ‘घेऊ नका’ म्हणतं. मधल्या काळात आम्ही घरी कपाटासमोर उभे असतो, आणि तिथं पत्रक पोचत नाही. तिथं पोचू शकतो तो तुमचा एक प्रश्न.

तुमच्याकडं वेळ नाही हे मला मान्य आहे. सकाळच्या पाळीत साठ गाड्या सोडायच्या असल्या की मीही प्रत्येक ड्रायव्हरशी गप्पा मारत बसायचो नाही. पण मी पहाटे पाचची एसटी पकडून, अर्ध्या तिकिटावर, साडेसातला तुमच्या दारात येतो आणि माझा नंबर साडेअकराला लागतो. ते चार तास बाकावर जातात. त्या वेळात एखाद्या सिस्टरनं, आहारतज्ज्ञानं, फार्मासिस्टनं बाकावर येऊन विचारलं, ‘घरी काय काय घेता? काढे, चूर्णं, लेप, परदेशातून आलेलं, महाराजांनी दिलेलं, सगळं सांगा’, आणि ते केसपेपरवर एका चौकटीत लिहिलं, तर तुमचं एक मिनिटही खर्ची पडत नाही. तारीख देताना सांगा, की येताना सगळे डबे पिशवीत घालून आणा. शक्यतो बायकोला विचारा. तिच्याकडं खरी यादी असते.

आणि उत्तर आल्यावर ‘सगळं बंद’ म्हणू नका. सगळं बंद म्हटलं की आम्ही काहीच बंद करत नाही, फक्त सांगायचं बंद करतो. भावाच्या बागेतलं डाळिंब सोलून खाल्लं तर चालेल का, भाजीतली हळद चालेल का, याला ‘खुशाल खा’ म्हणा. ज्येष्ठमध आणि अश्वगंधा का नको ते एका वाक्यात सांगा. आणि ज्याबद्दल तुम्हालाही माहीत नसेल तिथं ‘मला माहीत नाही’ म्हणा, आम्ही तेवढ्यानं दुसऱ्या डॉक्टरकडं पळत नाही. बायकोला काहीतरी करायला द्या. मला त्या फार्मासिस्ट मुलीनं रोज अर्धा तास चालणं आणि पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलून दंडाचा व्यायाम सांगितला, स्नायू राहावेत म्हणून, आणि आकडे मोजायचं काम बायकोकडं दिलं. ती आता काढ्याऐवजी आकडे मोजते. पंधराच्या आत थांबलो तर सोडत नाही.

परवा तपासणीला आलो होतो. काउंटरवर ती मुलगी दिसली नाही. दुसरीकडं नोकरी लागली म्हणाले. तिच्या जागेवर आलेला मुलगा चांगला आहे, बिल पटकन करतो.

पुढची तारीख १५ दिवसांनी आहे. पिशवी भरून ठेवली आहे, ती मी आणणारच. कुणाच्या टेबलावर ठेवायची, तेवढं सांगा.

आपला,
सांगोला तालुक्यातला एक पेशंट
(निवृत्त हेड मेकॅनिक)